मासा हुशार, की नदी रिकामी?

महाशीर गळाला लागत नाही, तेव्हा दोनच गोष्टी संभवतात. एक तर तो फार सावध आहे, नाही तर तो तिथे नाहीच. पहिली गोष्ट मानणारा पुन्हा गळ घेऊन निघतो. दुसरी मानणाऱ्याला नदीची चौकशी करावी लागते. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आंबागडात याच मुद्द्यावरून दोघांचा वाद झाला. दिवसभर मी त्यांच्याबरोबर बावनथडीच्या काठी होतो. हाती काही लागलं नव्हतं, पाय आखडले होते, तरी त्या बोलण्यातून उठवेना. वाद मिटला नाही. पण त्यात जे बोललं गेलं ते भंडारा जिल्ह्यातल्या प्रत्येक नदीला लागू आहे, म्हणून लिहून ठेवतो आहे.

दोघांपैकी एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. जिम कॉर्बेटच्या ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मधलं महाशीरवरचं प्रकरण त्यांनी तरुणपणी वाचलं आणि त्या माशाचा ध्यास घेतला. रॉड, रील, चमचे (धातूची चकाकती आमिषं), पिठाचे गोळे असा सगळा सरंजाम घेऊन ते नद्या हिंडले. पकडलेला मासा ते परत पाण्यात सोडतात. दुसरे काकाजी, ढिवर समाजातले, सत्तरी ओलांडलेले. बावनथडीवर त्यांच्या आज्याचं जाळं होतं, बापाचं होतं, त्यांचं होतं. आता घरचा संसार चालतो तो मच्छीमार सोसायटीनं ठेक्यानं घेतलेल्या तलावावर.

आंबागड तुमसरपासून बाराएक किलोमीटरवर, सातपुड्याच्या टेकड्यांच्या कुशीत आहे. वरचा किल्ला १७०० च्या सुमाराचा. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सरदार राजा खान पठाण यानं तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात तिथे कैदी ठेवत, आणि किल्ल्यातल्या विहिरीचं दूषित पाणी पाजून त्यांचा शेवट करत, असं सांगतात. जवळच गायमुख आहे, महाशिवरात्रीच्या यात्रेचं. बावनथडी सिवनी जिल्ह्यातून येते, काही अंतर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाची सीमा आखत वाहते आणि वैनगंगेला मिळते. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाते. म्हणजे इथला महाशीर हा दख्खनचा महाशीर असावा. कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं तोच.

किल्ल्याच्या पायथ्याशी चहा घेऊन बसलो आणि गुरुजींनी सुरुवात केली.

गुरुजी: काकाजी, आजचा दिवस फुकट गेला असं मी मानत नाही. पहाटे धुक्यात आपण डोहापाशी पोचलो तेव्हा पाणी अगदी निवळ होतं. निवळ पाण्यातला महाशीर काठावरची सावलीसुद्धा ओळखतो. तुम्ही बिडी पेटवायला उभे राहिलात, हे (म्हणजे मी) गोट्यांवरून खडखड चालत गेले. तेवढ्यानं तो खोल गेला असणार.

काकाजी: गेला असल जी. पन जायले तं असावा लागतो ना तो.

गुरुजी: आहे. ती जागाच त्याची आहे. वर खडकाळ धार, खाली खोल डोह, काठावर उंबर. हा मासा नुसते किडे-खेकडे खात नाही, पाण्यात पडलेली फळंही खातो. जबड्यात दात नसतात त्याला, ते घशात असतात. गोगलगायीचं कवचसुद्धा तिथे चुरडतं. म्हणून मी आधी उंबर लावलं, मग पिठाचा गोळा, ऊन चढल्यावर चमचा. काय राहिलं सांगा?

काकाजी: तुमच्याकडून काईच नाई राहिलं. मी पाहात होतो. हात चांगला आहे तुमचा. पन त्या डोहात मी पोरगा असताना बुडी मारली तं तयाशी पाय टेकत नव्हते. आज तुमी उंबराखाली उभे होते तं पानी कुठवर होतं?

गुरुजी: छातीपर्यंत.

काकाजी: मंग? छातीएवढ्या पान्याले डोह म्हनाचं का?

गुरुजी यावर गप्प राहिले. दिवसाचा सगळा हिशेब या एका प्रश्नात होता. आम्ही सकाळी बघितलं ते असं: वरच्या अंगाला नदीच्या पात्रात ट्रॅक्टरची चाकं उमटलेली, काठ खरवडलेला, आणि ज्या ठिकाणी जाड रेती आणि गोटे असायला हवेत तिथे चिकट गाळ. बावनथडीची आणि वैनगंगेची रेती बांधकामाला फार उत्तम मानली जाते. तुमसर आणि मोहाडी तालुक्यांतल्या रेतीघाटांच्या बातम्या वाचणाऱ्याला त्या रेतीचं मोल सांगायला नको. पण रेती म्हणजे नदीत पडलेला माल, असं जे आपण धरून चालतो ते चूक आहे. महाशीर पावसाळ्यात वर चढतो आणि वाहत्या, स्वच्छ पाण्यात गोट्या-वाळूवर अंडी घालतो. अंडी गोट्यांच्या फटीत राहतात आणि त्यांतून पाणी खेळत राहिलं तरच पिल्लू बाहेर येतं. रोहू-कतल्याच्या मादीच्या मानानं महाशीरची अंडी थोडी, आकारानं मोठी, आणि तीही टप्प्याटप्प्यानं घातलेली. त्यामुळे एखादा पावसाळा वाया गेला की ती तूट लवकर भरून येत नाही.

गुरुजी: बरं, डोह उथळ झाला हे मान्य. पण दुपारी तो झटका कसला होता? रॉड हातातून जाणार होता माझा. रील किर्र वाजलं, दोर खडकाकडे गेला आणि तुटला. पहिल्याच धावेत दोर तोडणारा मासा दुसरा कोणता? महाशीरची पहिली धाव ज्यानं एकदा अनुभवली तो विसरत नाही.

काकाजी: दोर दाखवा.

गुरुजींनी खिशातून नायलॉनचा तुटका दोर काढला. काकाजींनी त्याचं टोक अंगठा आणि बोट यांत धरून हळूहळू फिरवलं, मग जिभेला लावलं.

काकाजी: खरबडलेला आहे. दातानं तुटला असता तं टोक साफ असतं. कासवानं तोडला तरी साफ. हा दगडाले घासून तुटला.

गुरुजी: तेच म्हणतो मी! दात नसलेला, जोरकस, खडकाखाली शिरणारा मासा.

काकाजी: नाई जी, इतकंच म्हना का दोर दगडाले घासला. मोठा रोहू बी दगडाखाली ओढते. पुरात तलाव फुटला का त्यातले मासे नदीतच येतेत. तुमाले जो पाह्यजे होता तोच होता, असं दोरावर लिहून नाई येत.

मला यात काकाजींची शिस्त दिसली. ज्या माणसानं आयुष्यभर मासळीवर पोट भरलं, तो पुरावा जेवढं सांगतो तेवढंच मानतो. गुरुजींची आशा मला कमी प्रिय नाही. पण त्या झटक्यावर ते उद्या, परवा आणि पुढच्या हिवाळ्यातही गळ टाकतील, आणि दर वेळी मासा हुशार ठरेल. उरलेली दुपार तर आणखी वाईट गेली. चमचा पाण्याखाली कशात तरी अडकला. ओढून काढला तर टाकून दिलेलं बारीक डोळ्याचं नायलॉनचं जाळं निघालं. त्यात मेलेला शिंगटा, बोटाएवढी चांदणी मासळी आणि दोन खेकडे होते. गुरुजींनी चाकूनं जाळं कापलं, खेकडे सोडले आणि कितीतरी वेळ काही बोलले नाहीत.

गुरुजी: ते जाळं कोणाचं होतं काकाजी? राग मानू नका, पण माझ्या गळानं नदी रिकामी होत नाही. असल्या जाळ्यांनी होते.

काकाजी: राग काऊन मानू? खरं आहे. आमच्याच पोरायचं असल. मच्छरदानीचं कापड लावतेत, पोटातल्या पोरासकट मासोरी काढतेत. काई जन डोहात फटाके टाकतेत, औषध टाकतेत. मी बोललो तं म्हनतेत, बुढ्या, तुले जमत नाई म्हनून बोलतं.

गुरुजी: स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. सव्वाशे वर्षं झाली.

काकाजी: कायदा असल. पन रातच्याले डोहावर कोन येते पाहाले? आणि पोरगं असं काऊन करते ते बी इचारा. पयले फेकजारं टाकलं का सकारच्या पारी घरी पुरून बाजारात नेन्याएवढी मासोरी निघत होती. आता दिवसभर टाकलं तं कालवनाची नाई निघत. मंग जारं बारीक होते. नदी आटली, मंग जारं बारीक झालं. तुमी उलटं सांगता.

या क्रमाचा मी बराच विचार केला. काकाजींचं म्हणणं पूर्ण खरं नाही; बारीक जाळं उरलीसुरली मासळी संपवतं यात शंका नाही. पण सुरुवात कुठे झाली हे विचारल्याशिवाय दोष वाटणं म्हणजे ढिवराच्या गळ्यात सगळं बांधणं होईल. सीतेकसाजवळ बावनथडीवर दोन्ही राज्यांचं मिळून धरण आहे, राजीव सागर. वैनगंगेवर वरच्या अंगाला सिवनी जिल्ह्यात भीमगडचं धरण आहे. खाली पवनीजवळ गोसीखुर्द आहे, ज्याची कोनशिला १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते बसली. वर चढू पाहणाऱ्या माशाला नदी तुकड्यातुकड्यांत मिळते. शिवाय नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. ते गोसीखुर्दच्या फुगवट्यात साचून राहतं. ज्या माशाला प्राणवायूनं भरलेलं धावतं पाणी लागतं, त्याची ये-जा या नदीत कशी चालावी?

गुरुजी: धरणाला विरोध करू नका हो. तुमसर तालुक्याचं धान कशावर उभं आहे?

काकाजी: मी कुठं इरोध केला? माह्या जावयाच्या बांधीले त्याच कॅनलचं पानी आहे. भात मी बी खातो. मी इतकंच म्हनतो का पावसाचं पयलं पानी दोन-चार दिवस नदीले सोडा. मासोरी त्याच पान्याच्या वासावर चढते. ते पानी अडून राह्यलं का तिले समजतच नाई का पावसारा लागला.

जगात याच प्रश्नावर फार मोठी पावलं उचलली गेली आहेत. अमेरिकेच्या वायव्य टोकाला एल्वा नावाच्या नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली आणि शंभर वर्षं अडलेले सामन मासे वरच्या पाण्यात परत चढू लागले. राजीव सागर कोणी पाडणार नाही, पाडावं असं मीही म्हणत नाही. धान आणि माणूस आधी. पण काकाजी धरण पाडा म्हणत नव्हतेच. दोन-चार दिवसांचं पाणी ते मागत होते. साठ्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी या मागणीवर कधी बसून बोलावं, एवढी ती साधी आहे.

यानंतर गुरुजींनी आपली खरी योजना मांडली, आणि वाद रंगला तो इथे.

गुरुजी: मी म्हणतो, वाट कशाला बघायची? लोणावळ्याला टाटांच्या वळवण धरणापाशी १९७० च्या दशकापासून महाशीरची कृत्रिम पैदास होते आहे. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी ते शास्त्र बसवलं. मादीची अंडी काढायची, नराच्या बीजानं फळवायची, ट्रेमध्ये वाहत्या पाण्यावर ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर. तिथून देशभर पिल्लं गेली. आपल्याकडेही आणू, बावनथडीत सोडू. आपल्या राज्यानं २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं. मध्य प्रदेशानं २०११ मध्येच महाशीरला केलं. नदीच्या त्या काठावर जो राज्यमासा आहे, त्याचं या काठावर नावही कोणी घेत नाही!

काकाजी: आना ना. पन ठेवान कुठं? छातीएवढ्या पान्यात?

गुरुजी: थोडी तरी जगतील.

काकाजी: आमच्या तलावात बी सरकारी बीज टाकलं. कतला, रोहू, मिरगल. पैसा झाला, नाई म्हनत नाई, माहं घर त्यावरच आहे. पन ते टाकन्यासाठी तलावातलं गवत काढलं, कमर काढलं, आधीच्या बारीक मासोऱ्या कचरा म्हनून फेकल्या. त्या मासोऱ्या आमच्या बाया डोक्यावर टोपलं घेऊन इकत होत्या. आता बाईले धंदा नाई. बीज टाकाच्या आधी, तिथं कोन राहाते ते इचारावं लागते जी.

इथे मला मध्ये बोलावं लागलं, कारण काकाजींच्या म्हणण्याला कावेरीचा फार मोठा आधार आहे. लोणावळ्याच्या पैदाशीतली पिल्लं १९७० नंतरच्या दशकांत दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी पंखांचा महाशीर होता. १९४६ मध्ये कबिनी नदीवर व्हॅन इंगेन यांनी जो १२० पौंडांचा मासा काढला, तो याच जातीचा समजला जातो. बाहेरून आलेला दख्खनचा महाशीर तिथे बेसुमार वाढला आणि मूळचा मासा हटत गेला. गंमत नव्हे, दुःख असं की त्या मूळच्या माशाला शास्त्रीय नावही पक्कं नव्हतं. २०१८ मध्ये ते नक्की झालं, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदवला गेला. म्हणजे जगातला एक मोठा नदीमासा नाव मिळेपर्यंत जवळजवळ संपला होता. बावनथडीत दख्खनचाच महाशीर सोडला तरी इथला मासा आणि लोणावळ्याचा मासा एकाच रक्ताचा आहे का, हे आधी तपासायला हवं. आणि मध्य प्रदेशाचा राज्यमासा तर नर्मदेचा महाशीर, वेगळ्याच जातीचा. गुरुजींनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण जिवंत असेपर्यंत नदीत तो मासा पाहायचा आहे, ही त्यांची घाई मला समजते.

काकाजी: एक इचारू का गुरुजी? तुमी मासा पकडता आणि सोडता. खाचा नाई तं टोचाचा काऊन?

गुरुजी: कारण मला तो बघायचा असतो. हातात धरून, एक क्षण. आणि माझ्यासारखे लोक असले की नदीला राखणदार मिळतात. कावेरीच्या काठी भीमेश्वरीला गळवाल्यांचे कॅम्प होते. त्यांच्या पैशांवर जे आधी सुरुंग लावून मासे मारत, तेच रखवालदार झाले. पुढे अभयारण्यात गळ टाकायला बंदी आली, कॅम्प उठले, आणि रखवालीही गेली. तुम्ही सांगा, कोणाचं नुकसान झालं?

काकाजी: हे चांगलं सांगितलं. रखवालीले पैसा लागते. पन मासोरीच्या जागेवरून सांगतो. तिच्या ओठात आकडा घुसते, दम निघेपर्यंत तुमी खेळवता, मंग हवेत धरता, फोटो काढता. थंडीत जगल. एप्रिलात, पानी तापल्यावर, सोडली तरी खाली जाऊन मरते. तुमाले वाटते गेली, जिती आहे. मी मारतो तं मले मारलेली दिसते.

गुरुजी: मी उन्हाळ्यात गळ टाकत नाही.

काकाजी: तुमी नाई. पन तुमचं पाहून येनारे टाकतेत.

या दोन बाजूंपैकी एक निवडा म्हटलं तर मला कठीण जाईल. मासे राखणारी माणसं महाराष्ट्रात तिसऱ्या वाटेनंही गेली आहेत. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले महाशीर देवीचे समजतात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाच्या देवळाखालचे मासेही असेच राखलेले आहेत. तिथे गळ नाही, जाळं नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि तळहाताएवढ्या खवल्यांचे मासे काठाशी येतात. एरवी माणसाची चाहूल लागताच पळणारा मासा तिथे माणसाला भीत नाही. मग गुरुजी म्हणतात ती हुशारी म्हणजे नुसता स्वभाव नव्हे. पिढ्यानपिढ्या आपण त्याला ज्या रीतीनं वागवलं, त्याचाही तो परिणाम असला पाहिजे.

काकाजींनी तेच सुचवलं.

काकाजी: एक डोह सोडा. वरचा, उंबराचा. तिथून रेती नाई काढाची, जारं नाई टाकाचं, गरी बी नाई टाकाची. पाच वर्सं.

गुरुजी: गरीसुद्धा नाही?

काकाजी: गरी बी नाई.

गुरुजी: मग मासा आला की नाही हे कळणार कसं? माझ्या गळानंच तर कळेल ना!

काकाजी: आज कळलं का?

गुरुजींना उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, दिवसाभरातला सर्वांत कठीण क्षण त्यांच्यासाठी हा होता, तुटलेल्या दोरापेक्षाही. थोड्या वेळानं काकाजींनीच समजावलं: पहिल्या पुरात डोहाच्या वरच्या धारेवर काठावर बसायचं. चढणारी मासोळी पाण्यावर पाठ दाखवते. कोणती जात ते पाठीवरून आणि उडीवरून कळतं. त्यासाठी डोळा हवा. आता शास्त्रज्ञ नदीतलं बाटलीभर पाणी घेऊन त्यात विरघळलेल्या जनुकीय अंशावरूनही सांगतात की कोणते मासे तिथून गेले. हे दोन्ही मार्ग एकत्र आले तर गळ न टाकता उत्तर मिळू शकतं. ढिवरांच्या अशा ज्ञानाचा उपयोग होतो हे या जिल्ह्याच्या शेजारी सिद्धही झालं आहे. गोंदिया जिल्ह्यात मनीष राजनकर आणि तिथल्या ढिवर मंडळींनी मामा (माजी मालगुजारी) तलावांत देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्यामागून देशी मासे परत येऊ लागले. कोणत्या माशाला कोणतं गवत लागतं, हे त्यांना जुन्या मच्छीमारांकडूनच समजलं.

गुरुजी: बरं. मी पाच वर्षं त्या डोहात गळ टाकणार नाही. पण तुम्ही तुमच्या पोरांना जाळं टाकू देणार नाही?

काकाजी: माह्या पोरायचं मी पाहीन. पन ट्रॅक्टर माहा नाई ना जी.

इथे बोलणं थांबलं, आणि थांबण्याचं कारण बरोबर होतं. दोन भल्या माणसांचा शब्द ट्रॅक्टरला अडवू शकत नाही. त्याला ग्रामसभा लागते, आणि ग्रामसभेच्या हाती आज साधनं आहेत. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. बऱ्याच ठिकाणी नोंदवह्या आहेत, पण त्या बाहेरून कोणी तरी येऊन दोन दिवसांत भरलेल्या. वडाचं, पिंपळाचं, मोराचं नाव त्यांत असतं. कोणत्या डोहात कोणता मासा कोणत्या महिन्यात चढायचा आणि कधीपासून दिसेनासा झाला, हे क्वचितच असतं. नसलेल्या माशाचीही नोंद करावी लागते. ती नसेल तर दहा वर्षांनी इथे महाशीर कधी होता की नाही यावरच वाद होईल, आणि तेव्हा साक्ष द्यायला काकाजींच्या वयाचं कोणी उरणार नाही.

म्हणून माझी विनंती गळ टाकणाऱ्यांना आहे आणि ग्रामपंचायतींनाही. गुरुजींसारख्यांनी रिकाम्या हातानं परतल्याचे दिवसही तारीख, डोह, पाण्याची खोली आणि तळाची रेती यांसह वहीत उतरवावेत. पकडलेल्या माशाच्या फोटोपेक्षा त्या नोंदीचं मोल जास्त आहे. बावनथडीकाठच्या गावांनी येत्या पावसाळ्याआधी आपल्या जुन्या ढिवरांना समितीत बसवावं आणि त्यांच्या तोंडून नोंदवही भरून घ्यावी. प्रत्येक गावानं एक डोह ठराव करून राखावा. लोणावळ्याची पिल्लं मागवायची की नाही, हे त्यानंतर ठरवू.